स्कायव्हिंग म्हणजे नक्की काय, आणि घरी चामड्याची कड पातळ कशी करायची

चामड्याच्या कामाचे इंग्रजी व्हिडिओ बघायला लागलं की एक शब्द सारखा कानावर पडतो, स्कायव्ह. बोलणारा माणूस "आता ही कड स्कायव्ह करून घ्या" एवढंच बोलतो, हात सरसर चालवतो आणि पुढच्या पायरीवर जातो, आणि बघणाऱ्याला कळतच नाही की ह्यानं आत्ता कापलं, घासलं का सोललं. सांगली-मिरजेकडं आता बरीच पोरंपोरी घरच्या घरी पाकीट, बेल्ट, चावीचं कव्हर असलं करायला लागलीयत, त्यातले निम्मे जण ही पायरी गाळतात आणि मग विचारतात की माझं पाकीट विटेसारखं जाड का झालं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, कारण माझं ठाम मत आहे की हाताच्या कामात शिलाईच्याही आधी हे शिकायला पाहिजे.

साधा अर्थ असा, की चामड्याच्या तुकड्याची जाडी ठराविक जागी, बहुतेक वेळा कडेला, मागच्या बाजूनं धारदार हत्यारानं तासून कमी करायची. उच्चार ड्राइव्हसारखा, स्काइव्ह. क्रियेला स्कायव्हिंग म्हणतात, तासलेल्या कडेला स्कायव्ह्ड एज. आपल्याकडं चपलेचं काम करणारे हेच रापीनं, म्हणजे त्यांच्या चामडं कापायच्या रुंद पातीच्या हत्यारानं, करतात आणि त्याला कड तासणं, कड पातळ करणं असं सरळ म्हणतात, त्यामुळं "मामा, एवढी कड जरा तासून देता का" म्हटलं की त्यांना लगेच कळतं, तिथं स्कायव्हिंग म्हणायची काही गरज नाही.

पण इंग्रजीत वाचणार असाल तर ह्या शब्दाच्या आजूबाजूचे तीन शब्द ओळखता आले पाहिजेत, नाहीतर घोळ होतो. स्प्लिटिंग म्हणजे अख्ख्या तुकड्याची किंवा अख्ख्या कातड्याची जाडी मशीनवर एकसारखी उतरवणं, ते टॅनरीत, म्हणजे चामडं कमावायच्या कारखान्यात, किंवा मोठ्या दुकानात होतं, ते आणि स्कायव्हिंग एक नाही. पेअरिंग हा शब्द पुस्तकबांधणीवाले वापरतात, काम मात्र हेच, कव्हरचं चामडं पुठ्ठ्यावर दुमडायच्या आधी कडेनं तासणं. आणि स्कायव्हर ह्या एका शब्दाचे तीन अर्थ आहेत, तासायचं हत्यार पण स्कायव्हर, तासायचं मशीन पण स्कायव्हर, आणि मेंढीच्या कातड्याचा वरचा पातळ पापुद्रा वेगळा काढून जे नाजूक चामडं मिळतं, अस्तराला आणि पुस्तकबांधणीला वापरतात ते, त्याला पण स्कायव्हरच म्हणतात. त्यामुळं ऑनलाइन स्कायव्हर मागवताना फोटो नीट बघा, हत्यार पाहिजे असेल आणि मेंढीचं चामडं दारात यायचं.

सर्च करताना अजून एक गोष्ट. ब्रिटिश बोलीभाषेत स्कायव्ह म्हणजे शाळेला नाहीतर कामाला दांडी मारणं, त्याचा चामड्याशी संबंध नाही. आणि आपल्या भागात तर इंजिनिअरिंगवाले भरपूर, त्यांनी नुसतं स्कायव्हिंग टाकलं तर गिअर कापायचं पॉवर स्कायव्हिंग येतं, नाहीतर कारखान्याच्या कन्व्हेअर बेल्टचा जॉइंट करताना रबर सोलतात ते येतं, म्हणून सर्चमध्ये लेदर हा शब्द जोडायचाच.

आता जाडीचं बोलू, कारण जाडी कळल्याशिवाय तासून उपयोग नाही. परदेशी पॅटर्नमध्ये, म्हणजे कापायच्या तयार नमुन्यात, चामड्याची जाडी औंसात लिहिलेली असते. तिथं औंस म्हणजे वजन समजू नका, १ औंस म्हणजे १/६४ इंच जाडी, म्हणजे साधारण ०.४ मिमी. ३ औंसाचं चामडं म्हणजे १.२ मिमी, पाकिटाला चालणारं, आणि ९ औंसाचं म्हणजे ३.६ मिमी, बेल्टचं. बुटाच्या तळव्याच्या चामड्याला काही ठिकाणी आयर्न हे माप सापडतं, ते १/४८ इंच, म्हणजे अर्धा मिमीच्या थोडं वर. आपल्याकडं व्यापारी मिमीतच बोलतात ते बरंय. मोजायला व्हर्निअर, म्हणजे जबड्यात धरून जाडी मोजायची पट्टी, वापरा, सांगलीत दर दुसऱ्या घरात कुणाकडं तरी असतोच, फक्त जबडे दाबू नका, चामडं दबतं आणि रीडिंग कमी येतं, नुसतं टेकलं की थांबायचं.

तासायचं का, हे एका पाकिटाच्या हिशोबावरून बघा. बाहेरचा तुकडा १.२ मिमी, आतलं अस्तर ०.६, आणि कार्डाचे तीन खिसे प्रत्येकी १.० मिमीचे, तर बाजूच्या कडेला जिथं सगळे थर एकत्र येतात तिथं जाडी झाली ४.८ मिमी. पाकीट मिटलं की ती दुप्पट, ९.६, आणि अजून त्यात एक कार्ड नाही का एक नोट नाही. तेच खिसे फक्त बाजूच्या कडेला ०.५ मिमीपर्यंत तासले तर एका बाजूला ३.३ आणि मिटल्यावर ६.६. तीन मिलिमीटर वाचले, खिशात घातल्यावर हा फरक हाताला कळतो. खिसा मधे आहे तसाच जाड राहिला, म्हणजे मजबुती पण गेली नाही. हे लक्षात घ्या, तासणं म्हणजे चामडं कमजोर करणं नाही, जिथं जाडीचं काही काम नाही तिथली ती काढून टाकणं.

चपलेतसुद्धा हेच तत्त्व. कोल्हापुरीचे कान, म्हणजे बाजूला येणारे चामड्याचे तुकडे, दोन तळव्यांच्या मधे जातात, ते टोकाला पातळ केलेले नसतील तर तिथं उंचवटा राहणार आणि चालताना तो पायाला लागणार. आपण सांगली-साताऱ्याचे लोक ह्या बाबतीत नशीबवान आहोत, कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते एकट्या कोल्हापूरला नाही, महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून मिळालंय. म्हणजे रापी चालवणारा हात बघायला तुम्हाला लांब जावं लागत नाही. व्हिडिओ दहा बघण्यापेक्षा अशा माणसाशेजारी अर्धा तास बसा, त्यांची पाती किती आडवी असते आणि मनगट किती कमी हलतं तेवढंच बघा. काम चालू असताना मधे बोलू नका, चहाच्या वेळेला विचारा, आणि शिकवल्याचे पैसे द्या, तो त्यांचा पोटापाण्याचा धंदा आहे.

हत्यारं. रापी हे पहिलं, ती चपलेच्या सामानाच्या दुकानात मिळते, स्वस्त असते, आणि धार नीट लावली तर पाकिटापासून बेल्टपर्यंत सगळं तिच्यावर होतं. जपानी पद्धतीची स्कायव्हिंग नाइफ म्हणजे सरळ रुंद पाती, एकाच बाजूला उतार दिलेला, दुसरी बाजू सपाट. राउंड नाइफ म्हणजे अर्धचंद्रासारखी मोठी पाती, ती कापायला पण चालते आणि तासायला पण, पण नवशिक्याला जरा अवजड जाते. सेफ्टी बेव्हलर म्हणून एक येतं, बटाटं सोलायच्या सोलाण्यासारखं दिसतं, त्यात बदलायचं ब्लेड असतं, बेल्टसारख्या जाड चामड्याला ते बरं पण मऊ पातळ चामड्यात ते एकदम खोल घुसतं आणि भोक पडतं. माझा सल्ला, आधी रापी किंवा साधी सरळ पाती घ्या, एकच घ्या, आणि उरलेले पैसे धारेच्या सामानावर घाला.

खाली ठेवायला कडक आणि गुळगुळीत काहीतरी लागतं, लाकूड किंवा ते हिरवं कटिंग मॅट नको, पातीचं टोक त्यात रुततं. किचन ओट्याचं काम करणाऱ्यांकडं ग्रॅनाइटचे उरलेले तुकडे पडलेले असतात, एक वीतभर तुकडा पुरतो, फक्त पॉलिश बाजू वर पाहिजे आणि कडा घासून गोल केलेल्या पाहिजेत. जाड काच पण चालते.

आता धार, आणि इथं मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण स्कायव्हिंग जमत नाही म्हणणाऱ्या बहुतेकांचा हात चांगला असतो, पाती बोथट असते. कापायला जेवढी धार पुरते तेवढी तासायला पुरत नाही, कापताना पाती उभी असते आणि तुमचा जोर तिच्यामागं असतो, तासताना ती जवळजवळ झोपलेली असते आणि धागे एकेक करून सोडवत पुढं जायचं असतं. दगड नसेल तर काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर चिकटवा, आधी ४०० नंबरचा, मग ८००, मग १५००, मग २०००, प्रत्येकावर पाण्याचे थेंब टाकून उताराची बाजू पूर्ण टेकवून एकाच कोनात घासायची, पुढंमागं करताना कोन हलू द्यायचा नाही. एका बाजूला घासलं की दुसऱ्या बाजूला धारेवर बारीक पत्र्यासारखी कड वळून येते, बोटाचं टोक धारेला आडवं, अगदी हलकं, बाहेरच्या दिशेनं फिरवलं की ती खरखर लागते, ती पातीच्या पूर्ण लांबीला आली म्हणजे त्या नंबरचं काम झालं. मग पाती उलटी करून सपाट बाजू काचेवर पूर्ण झोपवून दोनचार वेळा घासा, ती वळलेली कड निघून जाते. शेवटी चामड्याच्या पट्टीला हिरवं पॉलिश लावून त्याच्यावर पाती मागं ओढायची, फक्त मागं, पुढं ढकलली तर पट्टी कापली जाईल. काम करताना पण दर थोड्या वेळानं ह्या पट्टीवर चारपाच हात मारत राहायचं, बोथट व्हायची वाट बघायची नाही.

धार आली का हे बघायला त्याच चामड्याचा टाकाऊ तुकडा घ्या आणि मागून एक हात मारा. साल लांब, सलग, कागदासारखी सुटली आणि खालचा भाग मखमलीसारखा एकसारखा दिसला तर झालं. भुगा पडत असेल, किंवा चामडं पातीपुढं गोळा होऊन सुरकुतत असेल, तर परत पॉलिश पेपरवर जा, जोर वाढवू नका.

प्रत्यक्ष काम. तुकडा दगडावर उलटा ठेवा, म्हणजे गुळगुळीत बाजू खाली, धाग्याधाग्याची बाजू वर. तासायचं ते कायम ह्या मागच्या बाजूनंच, कारण पुढच्या बाजूचे धागे सगळ्यात घट्ट असतात, तिथला थर गेला तर दिसणं पण गेलं आणि ताकद पण गेली. कडेपासून किती आत यायचं ती रेघ पेन्सिलनं मारून घ्या, अंदाजानं नको. डाव्या हाताची बोटं पातीच्या मागं राहतील असं धरा, पाती तुमच्यापासून लांब जाणार, तिच्या वाटेत बोट येताच कामा नये. सपाट बाजू खाली, पाती जवळजवळ आडवी, रेघेपासून सुरू करून कडेकडं तिरकी उतरवत न्या आणि पुढं जाता जाता थोडी बाजूला सरकवा, नुसतं ढकलायचं नाही, सुरी भाजीवर सरकते तसं पण फार कमी. एका हातात सगळी जाडी काढायला बघू नका, पातळ पातळ सालं काढत तीनचार हातात खाली या. मधे मधे कड दोन बोटांच्या चिमटीत धरून पूर्ण लांबीवर फिरवा, डोळ्याला न दिसणारा उंचवटा चिमटीत लगेच सापडतो. कोपऱ्याकडं जाताना आधी कोपऱ्यावरून आत यायचं नाही, आतून कोपऱ्याकडं बाहेर जायचं, नाहीतर टोक दुमडतं आणि उडतं.

तासायचे प्रकार पॅटर्नवर लिहिलेले असतात ते असे ओळखा. फेदर किंवा झिरो लिहिलं असेल तर कडेला जाडी अगदी शून्यापर्यंत उतरवायची, खिशाच्या आतल्या अस्तराला वगैरे, जिथं थर कुठं संपला ते वरून कळायला नको. ठराविक आकडा लिहिला असेल, समजा कडेपासून १० मिमी आणि ०.५ पर्यंत, तर १० मिमीच्या पट्ट्यात उतरत येऊन कडेला ०.५ राहिली पाहिजे. स्टेप म्हटलं असेल तर उतार नाही, पायरी, म्हणजे तेवढा पट्टा एकसारखा सपाट पातळ, दोन तुकडे एकावर एक जोडायचे असतील तेव्हा. आणि कड आत दुमडून चिकटवायची असेल तर साधा हिशोब लक्षात ठेवा, दुमड ८ मिमी असेल तर तासायचं १० मिमी, म्हणजे दुमडीची रेघ स्वतः पातळ भागात येते आणि वळण घट्ट बसतं, आणि जाडी निम्म्यापेक्षा थोडी कमी ठेवायची, म्हणजे दुमडीच्या रेघेजवळ दोन थर मिळून बाकीच्या चामड्यापेक्षा जाड होत नाहीत.

बेल्टच्या बकलकडचं टोक हे सरावाला सगळ्यात चांगलं, जाड असल्यामुळं चूक सहन करतं. समजा पट्टा ३.६ मिमीचा आहे. नुसता दुमडला तर ७.२, बकल नीट फिरणार नाही आणि शर्टाच्या आतून टेंगूळ दिसणार. बकलच्या दांडीभोवती वळण येणार तिथं २.४ च्या आसपास ठेवा, त्याच्या खाली जाऊ नका, कारण रोजची ओढ आणि रोजचं वाकणं दोन्ही तिथंच आहे. मागं वळून येणारी पट्टी तिथून पुढं उतरवत १.८ वर आणा आणि शेवटच्या टोकाला १ मिमीच्याही खाली, म्हणजे ती पट्ट्यात मिसळून जाते. पुढचा, दिसणारा भाग पूर्ण ३.६ चा तसाच. बकलच्या काट्याचं भोक आधी पाडायचं का नंतर, तर आधी तासा, मग भोक, कारण भोकाच्या कडेला पाती अडकते आणि चामडं फाटतं. ह्या एका टोकावर मन लावून बसलात तर वळणावर जाडी ठेवायची आणि शेपटाला काढायची हा फरक हातात बसतो.

चामडं कोणतं आहे त्याच्यावर पण बरंच अवलंबून. बाभळीची साल, हिरडा असल्या झाडपाल्यावर कमावलेलं, ज्याला व्हेज टॅन म्हणतात, ते घट्ट असतं आणि पातीखाली स्वच्छ सुटतं, शिकायचं असेल तर हेच घ्या. क्रोम टॅन, म्हणजे क्रोमच्या क्षारांवर कमावलेलं, मऊ आणि ताणलं जाणारं, पातीपुढं पळतं, त्याच्या गुळगुळीत बाजूला अजिबात न ताणणारी चिकटपट्टी लावून दगडावर चिकटवून धरलं तर जमतं. आपल्याकडं एप्रिल-मे मधे चामडं एकदम कोरडं पडतं आणि व्हेज टॅनची कड तासताना तुकडे उडतात, तेव्हा मागच्या बाजूला ओला कपडा एकदा फिरवून थोडं थांबायचं आणि मग तासायचं, पण ओलंचिंब करू नका, ओलं चामडं ताणलं जातं आणि सरळ कापलेली कड वाकडी होते. पावसाळ्यात उलटं, चामडं आधीच दमट असतं, पाण्याचा हात लावायचाच नाही.

तासून झालं की ती बाजू लगेच सोल्युशननं, म्हणजे चपलेवाल्यांच्या रबरी गोंदानं, चिकटवायला चांगली, धागे मोकळे असल्यामुळं पकड येते. दोन्ही बाजूंना पातळ लावा, बोटाला चिकटायचं थांबेपर्यंत सुकू द्या, मग जोडा आणि दाबा. पातळ कडेला सोल्युशन जास्त झालं की ते पुढच्या बाजूला डाग धरतं, एवढं सांभाळा.

खूप तुकडे असतील, समजा दिवाळीची ऑर्डर आहे आणि पन्नास पाकिटं करायचीत, तर हातानं बसू नका, बॅगा शिवणाऱ्यांकडं स्कायव्हिंग मशीन असतं, त्यात घंटेच्या आकाराची गोल पाती फिरते, खालून रोलर चामडं पुढं सरकवतो आणि वरचा फूट किती जाडी सोडायची ते ठरवतो. पुण्या-मुंबईकडं, धारावीत तर हा रोजचा जॉबवर्कचा विषय आहे. त्यांच्याकडं जाताना नुसतं "पातळ करून द्या" म्हणू नका, प्रत्येक तुकड्यावर कुठली कड, किती रुंदी आणि शेवटी किती जाडी हे मागच्या बाजूला पेननं लिहून न्या, आणि एक टाकाऊ तुकडा आधी चालवून घ्या, तो व्हर्निअरनं बघा, मग बाकीचे द्या. पातीला धार कधी लावलीय हे विचारायला लाजू नका, मशीनची पाती बोथट असली की ती मऊ चामडं ओढून फाडते.

आणि कड गरजेपेक्षा जास्त पातळ झालीच, पुढून पातीचा माग दिसायला लागला, तर तुकडा लगेच टाकून देऊ नका. तिथं मागून ०.४ मिमीच्या आसपासचा दुसरा पातळ तुकडा, सगळ्या बाजूंनी शून्यापर्यंत तासलेला, सोल्युशननं चिकटवा, किंवा बॅगवाले वापरतात ती नायलॉनची टेप लावा, आणि शिलाईची रेघ त्या जोडावरून जाईल अशी घ्या. फक्त बेल्टचं वळण, बॅगेचा पट्टा, चपलेचा अंगठा असल्या ओढ बसणाऱ्या जागी हा इलाज करायचा नाही, तिथं नवा तुकडा कापायचा, आणि जुना सरावाच्या डब्यात टाकायचा.